सच्चरनंतरचा आकडा कोण काढणार?

जळगावात किंवा धुळ्यात मुस्लिम समाजाच्या शिक्षणावर कार्यक्रम असला की तिसऱ्या-चौथ्या वक्त्यापर्यंत सच्चर समितीचं नाव निघतंच. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यातली साक्षरतेची आकडेवारी २००१ च्या जनगणनेतली होती. मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, तर देशाची सुमारे ६५ टक्के. त्या वर्षी पहिलीत असलेली मुलगी आता तिशीत आली, तिची मुलं शाळेत जातात. आणि त्या मुलांबद्दल बोलताना आपण अजून त्यांच्या अम्मीच्या पहिलीतला आकडा सांगतो.

सच्चर अहवालाबद्दल मला आदर आहे. त्यातल्या एका आकड्याने जे काम केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं. मुसलमानांची मुलं शाळा सोडून मदरशात जातात हा समज देशभर इतका पक्का होता की सुशिक्षित माणसंही तो सहज बोलून दाखवत. समितीने हिशोब केला तेव्हा शाळेच्या वयाची ३ ते ४ टक्के मुलंच मदरशात निघाली. बाकीची कुठे होती? बहुतेक साध्या शाळांत, आणि बरीचशी कुठेच नाहीत. प्रश्नच बदलून गेला. मदरसे सुधारा म्हणणाऱ्यांना मोहल्ल्यातल्या शाळेकडे बघावं लागलं.

याच अहवालात आणखी एक शिफारस होती, ती कुणी व्यासपीठावरून सांगत नाही. देशात एक राष्ट्रीय डेटा बँक असावी, सामाजिक-धार्मिक गटांनुसार शिक्षण, नोकरी, कर्ज, आरोग्य यांची माहिती तिथे नियमित जमा व्हावी आणि ती लोकांना बघता यावी, अशी. समितीला स्वतःचं काम करताना खात्याखात्यांकडे आकडे मागत फिरावं लागलं होतं, त्या अनुभवातून ही शिफारस आली. आपल्या राज्याने २००८ मध्ये महमूदुर्रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर आपण काय करतोय, तर पुढच्या समितीची वाट बघतोय.

मला वाटतं, वाट बघायची गरज नाही. निदान आपल्या दोन जिल्ह्यांपुरती तरी नाही. बरेचसे आकडे आज उघडे पडलेले आहेत, फुकट आहेत. ते उघडून बघणारी, पुसूनपासून त्यांचा आलेख काढणारी मुलं-मुली आपल्याकडे नाहीत, आणि अशी मुलं घडवणं शाळेला जमण्यासारखं आहे. मी गणिताचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. तरीही हे लिहितोय, कारण या कामातली निम्मी अडचण गणिताची नाहीच, भाषेची आहे. ते पुढे सांगतो.

आधी कोडिंग या शब्दाबद्दल. पालक हा शब्द ऐकतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्याची आयटी कंपनी येते. शहरातले खाजगी क्लास तेच विकतात. दुसऱ्या टोकाला आपली जुनी एमएस-सीआयटी आहे, सर्टिफिकेट मिळतं, सरकारी अर्जाला लागतं, संपलं. मी ज्याबद्दल बोलतोय ते या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. हजारो ओळींचा तक्ता समोर आला तर त्याला चार ओळींचा प्रश्न विचारता येणं, आणि आलेलं उत्तर चित्रातून दाखवता येणं. यासाठी ‘आर’ आणि ‘पायथन’ या दोन भाषा जगभर वापरतात. ‘आर’ न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात तयार केली, विद्यार्थ्यांना शिकवायला. दोन्ही फुकट आहेत. संगणकावर काही भरून घ्यायचं नसेल तर गुगलच्या ‘कोलॅब’वर पायथन ब्राउझरमध्येच चालतं. जुना लॅपटॉप आणि मोबाइलचं हॉटस्पॉट एवढ्यावर भागतं.

दहावीच्या गणितात सांख्यिकीचं प्रकरण आहे. मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख, सगळं आहे. उर्दू माध्यमाची मुलं मध्यकाला ‘वस्तानिया’ म्हणतात आणि सूत्र धडाधड लिहितात. पण तक्ता पुस्तकातला असतो, आठ ओळींचा, आणि आकडे आधीच नीट लावून ठेवलेले. त्यामुळे हे कशासाठी शिकायचं ते कळत नाही. समजा, धुळ्यात लूमवर काम करणाऱ्यांच्या मोहल्ल्यात दहा घरं आहेत. नऊ घरांत महिन्याला १२ हजार येतात, दहावं घर लूममालकाचं, तिथे २ लाख ९२ हजार. मोहल्ल्याची सरासरी निघते ४० हजार. एकाही घरात ४० हजार येत नाहीत! मध्यक १२ हजार, तोच खरा. हे उदाहरण ज्या मुलाचा बाप त्या नऊपैकी एका घरात आहे त्याला पुन्हा समजावावं लागत नाही. मग ‘दरडोई उत्पन्न वाढलं’ ही बातमी तो वेगळ्या नजरेने वाचतो.

आता खरा प्रश्न घेऊ. आपल्या मुली शाळा कुठे सोडतात?

खानदेशात जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या बऱ्याच उर्दू शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवी-आठवीला संपतात. पुढची उर्दू शाळा तालुक्याच्या गावी असते. मुलाला एसटीने पाठवतात, मुलीला घरी ठेवतात, असं आपण सगळे म्हणतो. ‘सगळे म्हणतात’ याच्या पुढे जायचं असेल तर यू-डायस प्लस आहे. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकड्यांचा यू-डायस क्रमांक आहे. धुळ्यातल्या शाळांचा २७०२ ने सुरू होतो, जळगावातल्या शाळांचा २७०३ ने. शाळेची इयत्तावार पटसंख्या, शिकवण्याचं माध्यम, शेवटचा वर्ग कोणता, ही माहिती तिथे कुणालाही बघता येते. एका तालुक्यातल्या सगळ्या उर्दू शाळांची माहिती एका तक्त्यात आणली, की पायथनच्या आठ-दहा ओळींत तालुकावार इयत्तावार पटाचा आलेख निघतो. जिथे पायरी एकदम खाली उतरते तिथे बोट ठेवायचं.

आणि इथेच घाई करायची नाही. यंदाच्या सातवीत ४० आणि यंदाच्या आठवीत २५, म्हणजे १५ मुलांनी शाळा सोडली, असं होत नाही. ती वेगळी मुलं आहेत. गेल्या वर्षीच्या सातवीची यंदाच्या आठवीशी तुलना करायला हवी. ती केल्यावरही पट घटलेला दिसला तर पुढचा प्रश्न असा, की ती मुलं घरी बसली की शेजारच्या मराठी शाळेत गेली? खानदेशातले हजारो मुसलमान मराठी माध्यमात शिकतात. उर्दू शाळेचा पट म्हणजे मुस्लिम मुलांचा पट, ही चूक आपले पुढारी करतात आणि आपले विरोधकही करतात. म्हणून त्याच गावातल्या मराठी शाळांची आठवी शेजारी ठेवून बघायची. तिथे तेवढीच वाढ दिसली तर मुलांनी माध्यम बदललंय, शिक्षण सोडलेलं नाही. या दोन्हीवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यासाठी मराठीचा पाया उर्दू शाळेतच पक्का करायचा. दुसऱ्यासाठी एसटीची वेळ, मुलींचं वसतिगृह, नाहीतर त्याच शाळेला पुढचे वर्ग जोडायचे. आपण मात्र दोन्हींसाठी एकच ठराव करतो, ‘समाजाने शिक्षणाकडे लक्ष द्यावं’.

मुला-मुलींचा वेगळा हिशोब शाळांच्या हजेरीपटातून काढता येतो. पण तिथे भाषेची ती अडचण उभी राहते. खानदेश-वऱ्हाडात मुसलमानांची नावं लिहायची एक पद्धत आहे, ‘शेख’ आपल्या नावाआधी आणि बापाच्या नावाआधीही. शेख सलमा शेख रऊफ. सय्यदांचंही तसंच, आणि खान असेल तर नावामागे. आता संगणकाचा फॉर्म विचारतो, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. सलमा कुठे बसवायची? एकाने ‘शेख’ पहिलं नाव धरलं, दुसऱ्याने आडनाव, तिसऱ्याने सगळं एकाच चौकटीत कोंबलं. शाळेच्या रजिस्टरात देवनागरीत ‘शे. सलमा’, आधार कार्डावर रोमनमध्ये एक स्पेलिंग, बँकेत दुसरं. एकट्या ‘शेख’चे चार-पाच प्रकार सहज सापडतात. ‘मोहम्मद’चं तर विचारूच नका: मो., मोह., मोहंमद, मुहम्मद, आणि शेवटी फक्त एम.

दोन याद्या एकमेकींशी जुळवायला गेलं की संगणक सांगतो, या तीन वेगळ्या मुली. गेल्या वर्षीच्या यादीतली सलमा यंदाच्या यादीत सापडत नाही आणि ती ‘गळती’त मोजली जाते. ती तिसऱ्या बाकावर बसलेली असते! शिष्यवृत्तीचे पैसे अडतात ते याच कारणाने. यावर उपाय कोडमध्ये आहे, सगळी रूपं एका रूपात आणणारी यादी लिहायची, आईचं नाव आणि जन्मतारीख जोडून पडताळायचं. पण ‘शे.’ म्हणजे शेख आणि ‘बी’ हा नावाचा भाग आहे, आडनावाचा नाही, हे बंगळुरूच्या इंजिनिअरला कोण सांगणार? ते आपल्या नववीतल्या मुलीला माहीत आहे. या कामात ती त्याच्या पुढे आहे आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

जन्मतारखेवरही फार विसंबू नका. कुठल्याही जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या जन्मतारखांचा आलेख काढा, जूनची पहिली तारीख मिनारासारखी वर उठलेली दिसेल. महाराष्ट्रात गुरुजींनी ज्याला त्याला १ जून ही तारीख देऊन टाकली, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून. आपल्या सगळ्यांच्या घरात एक तरी १ जूनवाला आहे. जनगणनेतही तसंच होतं. वय विचारलं की लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असं गोल सांगतात, आणि वयांच्या आलेखात शून्य आणि पाचवर शेवट होणारे खांब बाकीच्यांपेक्षा उंच दिसतात. मुलांना हे दाखवलं की ती हसतात, पण एक गोष्ट कायमची लक्षात राहते. आलेखातला उंच खांब कधी माणसांबद्दल सांगतो, तर कधी लिहून घेणाऱ्याबद्दल.

ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त समजायला हवी, कारण आपल्यावर आलेख वापरले जातात. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेची धर्मनिहाय आकडेवारी प्रसिद्ध झाली. मुसलमानांची दहा वर्षांतली वाढ ३६ टक्के, असा आकडा बाहेर आला. त्यावर अग्रलेख आले, भाषणं झाली. मग खुलासा झाला. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. २००१ मध्ये झाली. म्हणजे आधीच्या बेरजेत काश्मीर नाही, नंतरच्या बेरजेत आहे, आणि फरकाला ‘वाढ’ म्हटलं. १९८१ मध्ये आसामचंही तसंच राहिलं होतं. दोन्ही राज्यं बाजूला ठेवून हिशोब केला तेव्हा वाढ २९ टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि वाढीचा वेग आधीच्या दशकापेक्षा मंदावलेला दिसला. खुलासा कुणाच्या लक्षात राहिला नाही. ३६ चा आकडा मात्र कितीतरी दिवस फिरत राहिला.

अशीच एक जागा आपल्या दारात आहे. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये २५ लाखांच्या वर होती आणि २००१ मध्ये १७ लाख! प्लेग आला होता का? नाही, १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आता विचार करा. नंदुरबारमध्ये दोन-तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी आहेत, मुसलमानांचं प्रमाण धुळ्याहून कमी आहे. तो भाग वजा झाल्याबरोबर उरलेल्या धुळे जिल्ह्यात मुसलमानांचा टक्का आपोआप वर सरकला. एकही मूल जास्त जन्माला न येता. कुणी दोन जनगणनांचे धुळ्याचे टक्के शेजारी मांडून लाल रंगाचा चढता आलेख काढला आणि व्हॉट्सअॅपवर टाकला, तर त्यातला प्रत्येक आकडा सरकारी आणि खरा असेल. ‘हे इस्लामोफोबिया आहे’ एवढं उत्तर तिथे पुरत नाही. नंदुरबारचे आकडे पुन्हा मिळवून दुसरा आलेख काढून दाखवता आला पाहिजे, त्याच संध्याकाळी. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, करणारं कुणी असेल तर.

आणि उलटही. आपल्याला आवडणाऱ्या आकड्यांनाही हाच कायदा लावायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९४. उतरता आलेख दाखवायला आपल्याला बरं वाटतं आणि तो दाखवायलाच हवा. पण त्यात दोन रेषांमध्ये अजून उरलेलं अंतरही दाखवायचं. ते अंतर झाकणारा आलेख काढून मुलीने आणला तर मी तिला परत पाठवीन. ज्यांच्याकडून आपण प्रामाणिकपणा मागतो त्यांना द्यायला आपल्याकडेही तो हवा.

यावर आपल्याच लोकांचे आक्षेप आहेत, आणि सगळे पोकळ नाहीत. पहिला असा, की मुलं गणितात नापास होतात, त्यांना हे काय शिकवता? माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलाला टक्केवारी जमत नाही त्याला स्वतःच्या मोहल्ल्याचा तक्ता दिला की टक्केवारीची गरज पडते आणि मग ती जमते. सगळ्यांना नाही जमत, पण वर्गात सूत्र घोकणाऱ्यांपेक्षा जास्त जणांना. दुसरा आक्षेप, शाळेतला संगणक कक्ष कुलपात असतो, चावी शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर. याला माझ्याकडे उत्तर नाही. हे संस्थाचालकांना विचारा, देणग्या कमानीला आणि रंगाला जातात तेव्हा विचारा.

तिसरा आक्षेप जड आहे. आमची माहिती आम्हीच गोळा करून कुणाच्या हातात द्यायची? २०१९-२० मध्ये एनआरसीची भीती पसरली तेव्हा कागद-पेन घेऊन दारात आलेल्या कुणाचीही धास्ती वाटायची. ती भीती उगाच नव्हती आणि अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून माझ्या मते पहिला धडा कोडचा नसावा, माहिती जपण्याचा असावा. नाव, आधार क्रमांक, फोन असलेली यादी इंटरनेटवर चढवायची नाही. नावाच्या जागी क्रमांक. ज्या गावात दोन-चारच घरं आहेत त्या गावाचा वेगळा आकडा छापायचा नाही, कारण तो आकडा नसतो, पत्ता असतो. पण माहिती द्यायचीच नाही, हा मार्ग मला पटत नाही. जनगणना आता होते आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, मोबाइलवर माहिती भरली जाणार आणि जातही नोंदवली जाणार. मोजणारे बहुतेक आपणच, शिक्षक, असणार. तेव्हा मोहल्ल्यात दार बंद करून बसलो तर पुढची दहा-पंधरा वर्षं आपण कोणत्याच तक्त्यात नीट सापडणार नाही.

काही बुजुर्ग या विषयावर अल-ख्वारिज्मीचं नाव घेतात, की ‘अल्गोरिदम’ हा शब्दच त्यांच्या नावावरून आला. खरं आहे. मला त्याहून अल-किंदी जवळचे वाटतात. नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांनी गुप्त लिपी उलगडायची रीत लिहून ठेवली: त्या भाषेतला लांबलचक मजकूर घ्या, प्रत्येक अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग गुप्त मजकुरातली अक्षरं मोजा आणि जास्तशी जास्त, कमीशी कमी जुळवा. हे संख्याशास्त्र आहे आणि हातात यायला पायथनच्या पाच ओळी पुरतात. उर्दूच्या तासाला हा खेळ फार छान होतो. एक उर्दू उतारा घ्यायचा, एक मराठी. मुलांना आधी अंदाज करायला लावायचा, मग मोजायचं. उर्दूत अलिफ पुढे धावतो. मराठीत काना मोजायचा की नाही यावरून वर्गात भांडण होतं, आणि ते भांडण म्हणजेच धडा, कारण काय मोजायचं हे मोजण्याआधी ठरवावं लागतं. अल-किंदींचा अभिमान एवढ्यापुरता बाळगावा, की त्यांचं काम आपल्या हातांनी एकदा करून बघितलं.

आलेख काढतानाही भाषा आडवी येते. पायथनमध्ये आलेख काढायचं जे सर्वांत प्रचलित साधन आहे, ‘मॅटप्लॉटलिब’, त्यात उर्दू लिहिलं की अक्षरं सुटी सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे चालू लागतात. देवनागरीत ‘जिल्हा’ लिहिलं तर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. उर्दूसाठी अक्षरं जोडणारी आणि दिशा उलटवणारी दोन छोटी पॅकेजेस वेगळी घ्यावी लागतात. ‘आर’मध्ये ‘रॅग’ नावाचं साधन घेतलं तर दोन्ही लिपी नीट उमटतात. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी कंटाळून नावं इंग्रजीत टाकतात. तिथे मी अडून बसतो. तो आलेख कुणी बघायचा आहे? कंपनीच्या साहेबाने बघायचा असता तर इंग्रजी चाललं असतं. तो शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या सलमाच्या अम्मीने बघायचा आहे.

त्या समितीचं सांगायचं राहिलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार, अनुदानित आणि सरकारी शाळांत काही फरक धरून, या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया. सरकारी शाळेत शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापक लिहितात आणि पालक सह्या करतात. त्या बैठकीत एक कागद ठेवायचा, त्यावर एकच आलेख. आपल्या शाळेतल्या गेल्या पाच वर्षांच्या सातव्या आणि त्यांच्या पुढच्या आठव्या, मुलं एका रंगात, मुली दुसऱ्या. खाली उर्दू आणि मराठी. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. कायदा अंतर सांगतो, माध्यमाबद्दल बोलत नाही. म्हणून उर्दू शाळा किती लांब आहे हे आपल्यालाच मोजून दाखवावं लागेल, आणि हातात तो कागद असला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलणं वेगळं होतं. ‘आमच्या मुली मागे आहेत साहेब’ असं म्हटलं की चहा मिळतो. ‘या तीन गावांतल्या सातवी झालेल्या इतक्या मुली कोणत्याच आठवीत नाहीत’ म्हटलं की त्यांना फाइल मागवावी लागते.

ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्राचा एमएस्सीपर्यंतचा रस्ता आहे. आपल्या मुली डीएड, बीएड, फार तर फार्मसी एवढंच बघतात. घरापासून दोन तासांवर हे आहे हे त्यांना माहीतही नसतं. नोकरी मिळते का, तर या कामाला बँकेत, दवाखान्यात, शेतीमालाच्या व्यवहारात, सरकारी पाहण्यांत मागणी आहे. पण मी नोकरीचं आमिष पुढे करणार नाही. दहापैकी नऊ जणी या क्षेत्रात जाणार नाहीत. त्या शिक्षिका होतील, दुकान सांभाळतील, घर सांभाळतील, आणि समोर आलेला आलेख त्यांना वाचता येईल.

सुरुवात करू बघणाऱ्यांसाठी एक अवघड जागा आधीच सांगून ठेवतो. रावेर, यावल, चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. धर्माने मुसलमान, आणि अनुसूचित जमातीत. शाळेच्या फॉर्ममध्ये सामाजिक प्रवर्गाचा एक रकाना असतो आणि अल्पसंख्याकाचा वेगळा. कुठे तडवी मुलगा दोन्हीत लागतो, कुठे फक्त जमातीत. मणियार, पिंजारी, बागवान, खाटीक यांचंही ओबीसीच्या रकान्यात असंच होतं. दोन रकान्यांची सरळ बेरीज केली तर काही मुलं दोनदा मोजली जातील, एकच रकाना घेतला तर काही गायब होतील. शिवाय एकदा ‘मुस्लिम’ म्हणून सगळ्यांचा एक खांब काढला की तडवी वस्तीतली मुलगी आणि जळगावातल्या डॉक्टरची मुलगी एकाच सरासरीत जाऊन बसतात. या रकान्यांचं काय करायचं ते संगणक ठरवत नाही. रावेरच्या शाळेत बसून, तडवी गुरुजींना शेजारी घेऊन, एकेक ओळ बघत ठरवावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ रविवार त्याला पुरतील असं मला वाटतं. लॅपटॉप तिघांत एक चालेल.